छत्रीवाली आणि आमचे गुडघे-खांदे

डॉक्टरकडे पेशंट पाच मिनिटं बसतो. माझ्याकडे पाऊण तास पडून असतो. गुडघ्यावर शेक, खांद्यावर करंट, हलायची सोय नाही. मग माणूस काय हलवणार? जीभ!

मी फिजिओथेरपिस्ट. जळगावात रिंग रोडच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर माझं सेंटर आहे. चार खाटा, एक कप्पी, भिंतीवर बोटांनी चढायची लाकडी शिडी आणि नसीमभाई. नसीमभाई हे माझे पन्नाशीचे मदतनीस. शेक देणं, पेशंटला धरून चालवणं आणि माझा पारा चढला की मला चहा देणं, ही तिन्ही कामं ते सारख्याच शांतपणे करतात.

लोक विचारतात, तुमच्याकडे इतके किस्से येतात कुठून? येत नाहीत हो, साचतात. पेशंट बरा होऊन घरी जातो, जाताना नी-कॅप विसरतो आणि किस्सा ठेवून जातो. नी-कॅपसाठी मी एक खोकं केलंय. किश्श्यांसाठी खोकं नाही, म्हणून लिहायला बसले.

यातले बहुतेक किस्से एका बाईपायी झाले. बाई अस्तित्वातच नाही, कार्टूनमधली आहे. ‘कार्टून’ म्हटलं की माझी पुण्याची भाची किंचाळते, “मावशी, अॅनिमे म्हण, अॅनिमे!” बरं बाई, अॅनिमे.

*

सेंटरमधल्या टीव्हीवर आधी बातम्या लागायच्या.

धरणगावचे एक कापूस व्यापारी यायचे, उजवा खांदा आखडलेला. दोन महिने झाले तरी हात छातीच्या वर जाईना. मी काठी देऊन म्हणायची, “काका, दोन्ही हातांत धरा आणि वर न्या.” काका काठी पोटापर्यंत आणायचे आणि म्हणायचे, “बस. याच्या वर जीव जातो.”

शेजारच्या खाटेवर एक रिटायर्ड हेडक्लार्क. कंबर. टीव्हीवर कसलीशी राजकारणाची चर्चा चालू होती. हेडक्लार्क काहीतरी बोलले. काका काहीतरी बोलले. हेडक्लार्कांनी काकांच्या पक्षाच्या नेत्याला एक विशेषण लावलं.

मी आतून धावत आले तर काका उभे, हातात व्यायामाची काठी, आणि काठी थेट डोक्याच्या वर! एकशेसत्तर अंश! मी दोन महिने ज्याच्यासाठी घसा फोडत होते ते!

मी ओरडले, “काका! हात बघा तुमचा!”

काकांनी वर बघितलं. हात दिसला. चेहरा पांढराफटक पडला.

“आई गंऽऽ!” म्हणून खाली बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी काठी पुन्हा पोटावर.

त्या दिवसापासून बातम्या बंद. मालिका लावल्या, तर पेशंट बायकांचं बीपी वाढायचं. भजनं लावली, तर सगळे शेकावर गाढ झोपायचे. उठवताना निम्मा दिवस जायचा. शेवटी भाचीने दिलेला पेन ड्राइव्ह मी टीव्हीला लावला. हिंदी डबिंग होतं. म्हटलं, निदान भांडणं तरी होणार नाहीत.

किती भोळी होते मी!

*

आधी ती बाई कोण ते सांगते.

ती पार्सल पोचवते. अंगात पिवळा धमक लांब कोट, हातात काळी छत्री. शहर असं की सगळीकडे निऑनचे बोर्ड आणि सदा ओले रस्ते. दर भागात तिला एक पार्सल मिळतं, वाटेत वीस-पंचवीस गुंड येतात, ती छत्रीने सगळ्यांना लोळवते, पार्सल दारात देते, सही घेते, निघून जाते. संपलं! तिला भूतकाळ नाही, दुःख नाही, आईबापाचा सूड नाही. भाषण तर नाहीच नाही.

पण काय दिसते हो! मी आयुष्यभर माणसांची हालचाल बघतेय. ती वार करते तेव्हा आधी कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, मग मनगट. आणि या सगळ्यानंतर अर्ध्या क्षणाने कोटाचा घेर वळतो. मागे ट्रम्पेट वाजत असतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोच झटका अकरा वेळा मागे घेऊन बघितला. कुणीतरी बसून ती कंबर इतक्या प्रेमाने काढली होती!

आणि एक भाग बरोब्बर पंचवीस मिनिटांचा. शेक पंधरा, करंट दहा. माझ्यासाठीच बनवलंय म्हणा ना.

पहिल्या दिवशी चारही खाटा भरलेल्या. एकही माणूस बोलेना. मी नसीमभाईंकडे विजयी मुद्रेने बघितलं. तेवढ्यात मानेला पट्टा लावलेले, धुळ्याकडच्या खेड्यातले एक आबा अहिराणीत म्हणाले,

“बाई, इना नवरा कोठे शे?”

मी म्हटलं, “आबा, हिला नवरा नाही.”

“लगीन नही व्हयनं? मंग घरना लोके काय करी राहिनात?”

“घरचे पण नाहीत आबा. दाखवलेच नाहीत.”

झालं! पडद्यावर ती एका लाथेत चौघांना जिन्यावरून पाडतेय आणि माझ्या सेंटरमध्ये तिच्या स्थळाची चर्चा! कुणी म्हणे वय झालेलं दिसतंय. कुणी म्हणे असल्या पोरीला कोण सून करून घेणार, सासू काही बोलली की छत्रीच बसायची. मी म्हणतेय, अहो बघा तरी, काय सुंदर वळली! कोण ऐकतंय!

शेवटी फैजपूरच्या सिंधूबाई बोलल्या. घरची केळी, पहाटेपासून कामावर, दोन्ही टाचा दुखतात.

“काबरं हो आबा, नवरा पाह्यजे तिले? नवरा असता तं इतकी टायमावर पोचली असती का ती?”

आबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे वळली नाही.

*

आता भंगाळे सर.

सर कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झालेले. डावा खांदा. सरांना व्यायाम सांगितला की ते त्याची व्युत्पत्ती सांगतात. छत्रीवालीचे चार भाग झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

“मॅडम, याचा आशय काय?”

“आशय नाही सर. मजा आहे.”

“मजा हा आशय नव्हे.”

“नसू दे सर. हात वर घ्या.”

सहाव्या भागापासून सर वही घेऊन यायला लागले. डाव्या हाताने शिडी चढायची सोडून उजव्या हाताने नोंदी! “पार्सल कधी उघडत नाहीत, हे लक्षात आलं का तुमच्या? पार्सल म्हणजे काय?”

“पार्सल म्हणजे पार्सल, सर.”

“तुम्ही सायन्सवाले!” सर इतक्या कळवळून म्हणाले की मला माझी डिग्री परत करावीशी वाटली.

पुढचे आठ दिवस मी रोज तेच ऐकलं. सोमवारी पार्सल म्हणजे आत्मा होता. मंगळवारी कर्म. गुरुवारी भांडवलशाही. शुक्रवारी सर म्हणाले की पार्सल रिकामं आहे, आणि स्वतःच इतके गहिवरले की नसीमभाईंनी त्यांना पाणी दिलं. खांदा मात्र सोमवारी जिथे होता तिथेच!

पाणी देता देता नसीमभाई म्हणाले, “सर, मी तुमच्यासारखा शिकलेला नाही. पण इथे यायच्या आधी तीन वर्षं कुरिअरमध्ये होतो. पार्सलात काय आहे, हे पोचवणाऱ्याला कधीच माहीत नसतं.”

सर थक्क झाले. पेन हातात तसाच राहिला.

“वा! नसीमभाई, वा! काय वाक्य बोललात!”

“वाक्य नाही सर,” नसीमभाई म्हणाले, “नियम आहे. उघडलं तर नोकरी जाते.”

सरांनी तेही लिहून घेतलं.

*

छत्रीवालीचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे एक बँक मॅनेजर. वय अठ्ठेचाळीस, पोट नोकरीला शोभेल असं, डावा खांदा आखडलेला. बाकीचे प्रश्न विचारायचे, हा माणूस नुसता बघायचा. लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून. मला फार बरं वाटायचं. म्हटलं, चला, एक तरी रसिक आहे!

महिनाभरात खांदा सुटला. पेढे देऊन गेले.

पंधरा दिवसांनी परत हजर. या वेळी उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये, आणि शिवाय लंगडत. बरोबर पत्नी. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की घरी या विषयावर सविस्तर बोलून झालंय.

मी केसपेपर काढला. “काय झालं साहेब?”

“पडलो.”

“कुठे?”

“धुळ्याला. मेव्हणीच्या लग्नात.”

“पाय घसरला का?”

साहेब जमिनीकडे बघायला लागले. पत्नी म्हणाली, “सांगा ना. मॅडमना सांगा.”

“स्टेजवर... ते नवरानवरीचे सोफे असतात ना...”

“हं?”

“त्याच्या पाठीवर एक हात टेकून पलीकडे उडी. आणि पडता पडता छत्री उघडायची.” साहेबांचा आवाज अगदी बारीक झाला. “छत्री उघडली मॅडम. बरोबर उघडली.”

मी विचारलं, “पण का?”

“फोटोग्राफर म्हणाला, काहीतरी स्टाईलमध्ये करा.”

मी कपाळाला हात लावला. मागे नसीमभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. साहेबांची पत्नी माझ्याकडे वाकली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली,

“मॅडम, यांना करंट देताना जरा जास्तच द्या.”

*

भंगाळे सर गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी धुळ्याच्या त्यांच्या ओळखीतल्या एका रसिक मंडळाला कळवलं की जळगावात एक मॅडम आहेत, जागतिक अॅनिमेशनच्या अभ्यासक.

फोन आला. मी म्हटलं, “अहो, मी फिजिओथेरपिस्ट आहे.” ते म्हणाले, “तुमचा विनय सरांनी सांगितला होताच.”

रविवार घालवून गेले. एरंडोल, पारोळा, प्रत्येक ठिकाणी गाडी अडली आणि प्रत्येक ठिकाणी वाटलं, परत फिरावं. हॉलवर बॅनर. माझं नाव, आणि खाली विषय : ‘छत्रीचे रूपक : आधुनिक मानवाच्या एकाकीपणाचा शोध’.

मी मनात म्हटलं, मेले!

माझी तयारी वेगळीच होती. मी पाच मिनिटांची एक मारामारी दाखवली, मग तीच थांबवत थांबवत पुन्हा दाखवली. बघा, इथे कंबर. बघा, इथे खांदा. आता कोट. हा कोट उशिरा वळतो ना, त्यात सगळी गंमत आहे. म्हटलं, यात खोल काही नाही. जे आहे ते वरच आहे आणि ते फार छान केलंय. गुलाबजाम खाताना आपण त्यात विचार शोधतो का?

मला वाटलं, पटलं. लोक माना डोलवत होते. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली.

एक गृहस्थ उठले. “छत्री म्हणजे पितृछत्र, बरोबर ना?”

“नाही. काळी रेघ पिवळ्या कोटापुढे उठून दिसते, म्हणून छत्री.”

“म्हणजे हरपलेलं पितृछत्र!” ते समाधानाने खाली बसले.

एक बाई उठल्या. “ती रडत नाही, हे दमन आहे का?”

“तिला रडायचं कारणच नाही हो. तिचं सगळं बरं चाललंय!”

हॉलमध्ये हळहळ पसरली. पुढच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं, “किती खोल दुःख!”

मी रडकुंडीला आले. माइक हातात घेऊन जवळजवळ ओरडले, “यात काही अर्थ नाही! खरंच नाही! शपथ!”

मग अध्यक्ष उठले. सत्तरीचे, खादीचा झब्बा. त्यांनी डोळे मिटले.

“मॅडमनी आज आपल्याला सांगितलं, की यात काही अर्थ नाही.” थांबले. “आणि मित्रहो, याहून मोठा अर्थ कोणता असू शकतो?”

इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या. नंतर व्यासपीठाखाली रांग लागली. मला वाटलं, निदान आता कुणी कोटाबद्दल विचारेल. पहिलेच गृहस्थ पायजमा वर करत म्हणाले, “भाषण उत्तम. आता जरा हा गुडघा बघता का?”

एकवीस गुडघे बघून घरी आले.

*

मग एक दिवस हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांचं नाव नको. माझ्याकडचे निम्मे पेशंट त्यांच्या चिठ्ठीने येतात, एवढं सांगितलं की पुरे.

“मॅडम, ते सेंटर आहे की व्हिडिओ पार्लर? माझा पेशंट मला ओपीडीत विचारतोय, छत्रीवालीचा दहावा भाग बघितला का म्हणून! जागेचं काही गांभीर्य?”

मी “हो सर, हो सर” म्हटलं आणि फोन ठेवला. इतकी वैतागले होते ना! नवऱ्याची चौकशी ऐका, पितृछत्र ऐका, सोफ्यावरून पडलेल्यांना सांधा, आणि वरून हे ऐका! पेन ड्राइव्ह काढला, ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं. टीव्हीवर धबधबे लावले. नुसते धबधबे. बघा काय बघायचं ते!

पहिल्या दिवशी सगळे दर दहा मिनिटांनी बाथरूमला जायला लागले. धबधबे पण बंद केले.

तिसऱ्या दिवशी भंगाळे सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. वही नव्हती.

“मॅडम, शेवटचे तीन भाग राहिलेत.”

“सर, तुम्हीच म्हणाला होता ना, उथळ आहे?”

“आहेच.”

“वास्तवाचं भान नाही?”

“नाहीच.”

“आशय नाही?”

“शून्य,” सर म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळूच, “पण तो पुलावरचा लाल चष्मेवाला तिला गाठतो का हो?”

मी म्हटलं, “शिडी चढा सर.” किल्ली दिली नाही. मी पण हट्टालाच पेटले होते.

*

लीलाक्का चोपड्याहून यायच्या. अडुसष्ट वर्षांच्या. तीस-पस्तीस वर्षं घरच्या शेतात निंदणी, कापूस वेचणी, सगळं वाकून. दोन्ही गुडघे गेलेले. उजव्याचं ऑपरेशन होऊन सहावा आठवडा चालू होता. त्यांचा मुलगा रवींद्र एक दिवसाआड इतक्या लांब गाडी चालवून आणायचा, बाहेर बाकावर बसायचा. आईचं ओरडणं ऐकवायचं नाही म्हणून कानात इअरफोन. गाणी लागलेली नसायची. मला माहीत होतं, कारण मी हाक मारली की पहिल्या हाकेला उठायचा.

गुडघा पंच्याहत्तर अंशांच्या पुढे वाकत नव्हता. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : सोमवारपर्यंत नव्वद झाला नाही, तर परत ऑपरेशन थिएटर, परत भूल, आणि जबरदस्तीने वाकवणार. अक्कांनी भुलीचा धसका घेतला होता. पहिल्या वेळी शुद्धीवर यायला उशीर झाला होता. “परत झोपाडं ते मी उठाव नही,” असं त्या रवींद्रला म्हणाल्या होत्या. परत झोपवलं तर मी उठणार नाही. हे मला त्याने कानातले इअरफोन काढून सांगितलं.

शनिवार होता. नंतर एकदम सोमवार.

मी शेक दिला. गुडघा हातात घेतला. अक्कांनी खाटेची कड धरली.

“अक्का, आज मी सोडणार नाही.”

“तुले माय-बाप शेत का नही वं?”

“आहेत. तरी सोडणार नाही.”

ब्याऐंशीला त्यांनी माझा हात झटकून टाकला. डोळ्यांतून पाणी. पदराने पुसलं. मला पण घाम आला होता. असं करताना आपण माणूस आहोत की पकड, हेच कळेनासं होतं. नसीमभाई पाणी घेऊन उभे. पलीकडच्या खाटेवर भंगाळे सर खांद्याला करंट घेत, छताकडे बघत पडलेले.

दम खाऊन झाल्यावर अक्कांनी मान वर केली. टीव्ही काळा होता.

“ती पिवळा कोटनी पोर कोठे गयी?”

पहिल्या दोन आठवड्यांत त्यांनी तिचे पाच-सहा भाग बघितले होते. कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटायचं, दुखण्यात त्यांचं लक्षच नसेल.

“अक्का, ते बंद केलंय आता.”

“कसाले?”

“डॉक्टर रागावले.”

अक्कांनी पाय लांब केला. सरळ. पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं.

“मंग मना पाय बी बंद.”

मी नसीमभाईंकडे बघितलं. नसीमभाईंनी हात पुढे केला. मी एप्रनच्या खिशातून किल्ली काढून दिली.

शेवटून तिसरा भाग. ट्रम्पेट सुरू झाला. अक्कांनी स्वतःच पांघरूण बाजूला केलं. “धर,” म्हणाल्या.

मी धरला. पडद्यावर छत्रीवाली एका उंच इमारतीच्या गच्चीवर उभी, मागे गुंड. कोट वाऱ्यावर फडफडतोय. मी दाबत होते. अक्का ओरडत होत्या, “दुखस वं! धीरे! धीरे वं!” डोळ्यांतून धारा. पण नजर टीव्हीवर, आणि या वेळी माझा हात झटकला नाही. छत्रीवालीने खाली बघितलं, छत्री मिटली आणि उडी टाकली. मजल्यामागून मजले. खाली सिमेंटचा रस्ता. आणि ती उतरली कशी? एका गुडघ्यावर! धाड! रस्त्याला तडे गेले, धूळ उडाली, कोट हळूच खाली बसला.

सेंटरमधल्या सगळ्यांनी आपापला गुडघा धरला. “आई गंऽऽ!”

नसीमभाई पट्टी लावून कोन बघत होते. “मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “एक्क्याण्णव.”

मी गुडघा तसाच धरून ठेवला. अक्कांचं लक्षच नव्हतं.

आणि नेमके तेव्हाच भंगाळे सर उठून बसले. इतक्या दिवसांचं साठलेलं. “हे मात्र अति झालं! एवढ्या उंचीवरून? एका गुडघ्यावर? भुगा होईल भुगा! काही वास्तव नावाची गोष्ट?”

आणि मी! माझंही डोकं इतकं तापलं होतं, की मी पण सरांच्या बाजूने बोलले. “खरंय सर. अक्का, हे सगळं खोटं आहे बरं का. असा गुडघा जगात कुणाचाच नसतो.”

पडद्यावर छत्रीवाली उठली, कोट झटकला आणि चालायला लागली. ताठ, भराभर, जरासुद्धा न लंगडता. अक्का तिच्याकडेच बघत होत्या.

“माले मालूम शे,” त्या म्हणाल्या. “बठ्ठासना, सगळासना गुडघे दुखतस वं बाई. एखादीना नही दुखना, ते तुमनं काय जास?”

आणि मान वळवून नसीमभाईंना म्हणाल्या, “आवाज मोठा कर, भाऊ.”